म्यानातली बोथट सुरी

गावी फोन केला की मावशी पहिला प्रश्न विचारते, "काय काय बघितलंस तिकडं?" सव्वा वर्ष झालं, मी अजून नायगारा बघितलेला नाही आणि न्यूयॉर्कही नाही. कॉलेज, लॅब आणि भाड्याची खोली, एवढंच माझं बघून झालंय. म्हणून ऑक्टोबरात तीन दिवस ओहायोला जाऊन आले, तेव्हा वाटलं, निदान हे तरी लिहून काढावं. ओहायोला मुद्दाम फिरायला फारसं कोणी जात नाही. मीही फिरायला गेले नव्हते. एका म्हाताऱ्या सैनिकाची खुकुरी त्यांना परत द्यायला गेले होते.

थोडं मागचं सांगायला हवं. आम्ही सांगली जिल्ह्यातले लोहार. वडील ऊसतोडीचे कोयते, विळे, कुऱ्हाडी करतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि धातुशास्त्र शिकायला इलिनॉयला आले तेव्हा वडिलांना एवढंच कळलं की पोरगी लोखंडाचंच काहीतरी शिकणार आहे. तेवढ्यावर ते खूश होते.

माझी रूममेट सृजना गुरुंग नेपाळची. तिचे आईवडील आणि आजोबा कोलंबस शहराच्या कडेला राहतात. आजोबांना ती बाजे म्हणते, मीही तेच म्हणते. बाजे भारतीय सैन्यात गोरखा पलटणीत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या खुकुरीची मूठ हलायला लागली. सृजनाने मोठ्या अभिमानाने सांगितलं, "माझी रूममेट लोहाराची मुलगी आहे, ती बसवून देईल," आणि सुट्टी संपल्यावर खुकुरी सोबत घेऊनच आली. मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर नाही म्हणायचंही नव्हतं. इथे आल्यापासून मला काही येतं असं पहिल्यांदाच कोणीतरी म्हणालं होतं.

नेपरव्हिलला विलासकाका राहतात, मूळचे नागपूरचे, आयटीत वीस वर्षं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झाली आणि तेव्हापासून काकू मला दर महिन्याला जेवायला बोलावतात. त्यांच्या गॅरेजमध्ये काकांनी हौसेने घेतलेली आणि कधीच न वापरलेली हत्यारं आहेत. तिथे मी वडिलांना फोनवर विचारत विचारत मूठ काढली, जुनी राळ खरवडली, नवी लाख वितळवून भरली आणि मूठ बसवली. मूठ छान बसली. तिथेच थांबले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

खुकुरीच्या म्यानाला मागच्या बाजूने दोन छोटे कप्पे असतात आणि त्यांत दोन छोट्या सुऱ्या असतात. एकीची धार गेली होती, ती मी लावली. दुसरीला धारच नव्हती. कडेने पार बोथट, जाड. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची वस्तू आहे, धार लावून द्यायला कोणी नसेल. मी ती काकांच्या ग्राइंडरवर धरली. गावी आम्ही धार दगडावर लावतो, पाणी मारत, सावकाश. ग्राइंडरची मला सवय नव्हती. कड बघता बघता निळी पडली. मी बादलीत बुडवली, पॉलिश पेपरने निळा रंग घासून काढला, आणि कोणाला काही बोलले नाही.

अष्टमी

सृजनाची परीक्षा आधी संपली, ती विमानाने पुढे गेली होती. काकांना त्यांच्या मुलीला, इराला, कोलंबसला कॉलेजात सोडायचं होतं आणि दोन दिवस तिथल्या मित्राकडे राहून परतायचं होतं. मी त्यांच्या गाडीत बसले. खुकुरी टॉवेलात गुंडाळून डिकीत.

"पोलिसाने थांबवलं तर मी सांगीन, ही पोरगी कोण मला माहीत नाही," काका म्हणाले.

"बाबा, स्टॉप. शी लुक्स रिअली स्केर्ड," इरा म्हणाली.

"काऊन घाबरते? डिकीत आहे, मांडीवर थोडीच आहे."

काकूंनी माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी डब्यात दिली होती, कारण घट उठेपर्यंत माझा उपवास असतो. इंडियानात शिरलो आणि दोन्ही बाजूंना मका काढून झालेली रानं सुरू झाली. इतकी सपाट जमीन मी कधी पाहिली नव्हती. आमच्याकडे कुठेतरी एखादा डोंगर असतोच, इथे नजर अडत नाही. मग पवनचक्क्या आल्या. एवढ्या लांबून त्या संथ वाटत होत्या, जवळून जाताना मात्र पातं मान वर करूनही संपत नव्हतं. रस्त्याकडेच्या झाडांची पानं पिवळी, तांबूस, काही अगदी पळसासारखी झाली होती. एका थांब्यावर बाकावर बसून आम्ही खिचडी खाल्ली. शेजारच्या बाई म्हणाल्या, हे काय आहे, मोती का? इराने त्यांना दोन चमचे दिले. त्यांना आवडली की नाही कळलं नाही, पण त्यांनी फोटो काढला.

परत गाडीत बसल्यावर इरा फोनवर खुकुरीबद्दल वाचायला लागली. ती इतिहास शिकते, तिला सगळ्यात रस.

"सुवर्णा ताई, वेट. धिस इज सो कूल. त्या दोन छोट्या नाइफ्स आहेत ना? एक कटिंगसाठी. त्याला कर्द म्हणतात. अँड द अदर वन इज सपोज्ड टु बी ब्लंट."

मी म्हटलं, "काय?"

"ब्लंट. लाइक, ऑन पर्पज. त्याला चकमक म्हणतात. मोठ्या नाइफची धार नीट करायला आणि स्टोनवर मारून फायर करायला."

चकमक. हा शब्द मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या आजोबांकडे होती, चिलीम पेटवायला. सृजनाने मला त्या सुरीचं नाव सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. आगीच्या पोलादाला धार लावायची नसते आणि तापवायचं तर मुळीच नसतं, हे शेंबडं पोरही सांगेल, निदान आमच्या गल्लीतलं. त्याचं पाणी गेलं की त्यातून ठिणगी निघत नाही. पाणी म्हणजे तापवून भिजवल्यावर पोलादाला जो कडकपणा येतो तो. मी निळा रंग पाहिला होता. पाणी उतरल्याचीच ती खूण. आणि मी तो घासून काढला होता.

काकांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "काय झालं? गाडी लागते का?"

मी सांगितलं. काकांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "नवीन मागवून देऊ ना ऑनलाइन. त्यात काय."

"बाबा, इट्स नॉट लाइक दॅट," इरा म्हणाली. तिने मग मला चॉकलेट दिलं. उपवासाला चालतं का, हे विचारायचं त्या वेळी मला सुचलं नाही.

दुपारी घर आलं. एकसारख्या घरांच्या रांगेतलं एक, पण दारावर झेंडूचं तोरण होतं म्हणून लगेच ओळखलं. सृजना धावत आली. तिच्या आईने काकांना आणि इराला चहाशिवाय जाऊ दिलं नाही. बाजे खुर्चीत ताठ बसले होते. डोक्यावर नेपाळी टोपी, अंगात घरातलं स्वेटर, पायांत मोजे. ऐंशीच्या पुढचे असावेत. उभे राहिले तेव्हा माझ्या खांद्याएवढेच भरले, पण त्यांच्यासमोर मीच आपोआप सरळ उभी राहिले.

त्यांनी खुकुरी उलगडली, म्यानातून काढली, मूठ पकडून हलवून पाहिली. मग पात्याच्या वाकावरून बोट न लावता नजर फिरवली, अगदी माझे वडील कोयत्यावरून फिरवतात तशी.

"किसने बिठाया?"

"मैंने," मी म्हटलं.

"अच्छा बिठाया." बस. छोट्या सुऱ्या त्यांनी काढल्याच नाहीत.

काकांना राहवलं नाही. "बाजे, एक विचारू का? म्हणजे पूछूं? ऐकलंय की खुकुरी एकदा बाहेर काढली की रक्त लागल्याशिवाय आत ठेवत नाहीत."

बाजे त्यांच्याकडे बघत राहिले. "हम पलटन में इससे रोज आलू छीलता था," ते म्हणाले. "लकडी काटता था, डिब्बा खोलता था. हर बार खून निकालेगा तो लडाई के लिए आदमी किधर से बचेगा?"

सृजनाची आई हसून आत गेली. काकाही हसले, जरा ओशाळून. मग बाजे मराठीत म्हणाले, "गाडी इथे लावू नका." आम्ही सगळे दचकलो. निवृत्तीनंतर आठ वर्षं ते ठाण्यातल्या एका सोसायटीत चौकीदार होते. त्यांना मराठीची चारच वाक्यं येत होती आणि चारही लोकांना अडवायची होती.

मला वाईट वाटलं, कारण आमच्याकडे गुरखा म्हटलं की शिट्टी वाजवणारा चौकीदारच डोळ्यासमोर येतो. त्या माणसाने त्याआधी बावीस वर्षं बर्फात काढली असतील हे मनात येत नाही. भिंतीवर त्यांचा गणवेशातला फोटो होता. तिरकी टोपी, हनुवटीखाली पट्टा.

काका आणि इरा गेले. जेवायला त्यांच्याकडे बोकडाचं मटण होतं. आमच्याकडे नवरात्रात घट उठल्याशिवाय चुलीवर मटण चढत नाही, त्यांच्याकडे अष्टमीलाच मोठा बेत. सृजनाच्या आईने माझ्यासाठी उकडलेल्या बटाट्यांचं तीळ घातलेलं अचार केलं होतं. त्यात तिमुर होतं, म्हणजे आपलं तिरफळच, जीभ झिणझिणते. मी तीनदा वाढून घेतलं. मग त्यांनी मला कपड्यांच्या कपाटात काय आहे ते दाखवलं. केक भाजायच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये माती, आणि अंधारात उगवलेले जवाचे पिवळेधमक कोंब. ते त्याला जमरा म्हणतात. मी म्हटलं, हे तर आमचं घटाचं धान. आमच्याकडे दसऱ्याला पुरुष टोपीत खोवतात. त्या म्हणाल्या, आम्ही कानामागे. दोघीही कपाटाच्या दारात उभ्या राहून उगाचच बराच वेळ हसत होतो. त्या वेळी मी क्षणभर सुरीचं विसरले होते.

मग बाजेंनी आठवण करून दिली. त्यांच्या घरची एक पद्धत आहे. नवमीला सकाळी खुकुरीची पूजा होते, आणि तेव्हाचा दिवा काडीने लावत नाहीत. चकमकीच्या ठिणगीने लावतात. "खुकुरी तो तीसरी है," ते म्हणाले. "पहली टूट गयी, दूसरी पहाड में गिर गयी. चकमक वही है. मेरे बाप का."

मी मान खाली घातली.

चारच्या सुमारास बाजे फिरायला निघाले. रोज जातात. मी म्हटलं, मीही येते. मनाशी ठरवलं की पहिल्या कोपऱ्यावर सांगायचं. हॅलोविनचे दिवस होते, घराघरांच्या अंगणात सांगाडे आणि कबरी मांडलेल्या. "इधर हर घर में भूत," बाजे म्हणाले, "और किसी को डर नहीं." पहिला कोपरा गेला. दुसऱ्या कोपऱ्यावर मी "बाजे" म्हटलं आणि त्यांनी वळून पाहिल्यावर "थंडी आहे" असं काहीतरी बोलले. तिसऱ्या कोपऱ्यावर एका कुत्र्याने वाचवलं.

पुढे नवीन रस्त्यासाठी खणलेली माती होती. बाजे तिथे थांबले, वाकले, दोनचार दगड उलटवले आणि एक उचलला. तपकिरी, गुळगुळीत, फुटलेल्या कडेला काचेसारखा. गारगोटी. ओहायोच्या या भागात चांगली मिळते, हे त्यांनी स्वतःच फिरून शोधून काढलं होतं. त्यांनी ती बाहीला पुसली.

"कल इससे आग निकलेगा," ते म्हणाले.

तेव्हा मी सांगितलं. माझं हिंदी चांगलं नाही आणि रडू येत होतं, त्यामुळे काय बोलले ते नीट आठवत नाही. धार लावली, तापली, निळी पडली, मी ते घासून काढलं आणि सांगितलं नाही. शेवटचं दोनदा म्हणाले बहुतेक.

बाजे वळले आणि घराकडे चालू लागले. मी मागून. एवढे म्हातारे गृहस्थ, पण त्यांना गाठायला मला पळावं लागलं. घरी येऊन त्यांनी चकमक काढली. माझी धार अंगठ्याने चाचपली. मग गारगोटी धरून मारली. काही नाही. पुन्हा मारली. सृजना आणि तिची आई दारात येऊन उभ्या राहिल्या. दहाबारा वेळा मारून झाल्यावर त्यांनी चकमक टेबलावर ठेवली.

"इसका पानी मर गया," ते म्हणाले आणि खोलीत गेले.

सृजना मला म्हणाली, "मला नाव तरी सांगायला हवं होतं तुला." तिने मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. तिच्या आईने माझ्यासमोर दुधाचा पेला ठेवला. बाजे जेवायला आले नाहीत, ताट आत नेऊन दिलं. मी काकांना मेसेज लिहिला की उद्याच घ्यायला या, आणि पाठवला नाही.

नवमी

सकाळी सातला खाली आले तर मागच्या अंगणात धूर. बाजे कोळशाच्या शेगडीसमोर, मांस भाजायची तिपाई शेगडी असते ती, कान बांधून बसले होते. शेजारी पाण्याची किटली. टेबलावर चकमक.

"तेरा बाप लोहार है ना?"

"हां."

"फोन लगा."

बाजेंना सांगताना वाटली नव्हती तेवढी लाज मला तेव्हा वाटली. भारतात संध्याकाळचे साडेचार वाजले होते. मी व्हिडिओ कॉल लावला, वडिलांनी उचलला. मागे ऐरण दिसत होती, धुतलेली, हळदकुंकू लावलेली, भात्याला झेंडूची माळ. खंडेनवमी. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही.

"निळं कुठवर गेल्तं?"

"टोकापासनं दोन बोटं."

"आन ते घासून काढलंस."

"हो."

"का?"

मी चकमक उचलून परत टेबलावर ठेवली. फोन अडकला की काय म्हणून मी बघितलं, तर ते नुसते माझ्याकडे बघत होते. मग बाजे पुढे झाले आणि फोनसमोर तोंड आणून म्हणाले, "राम राम भाईसाब."

"राम राम साब," वडील एकदम सावरून बसले. "हमारी पोरगी ने तुम्हारा लई नुकसान किया."

"किया," बाजे म्हणाले. "मगर आके बोला. अब बोलो, पानी वापस आयेगा?"

"येईल की. म्हंजे, आयेगा. लोखंड कुठं गेलेलं न्हाई." मग ते थबकले, मागे वळून ऐरणीकडे पाहिलं. "पर साब, आज हत्यारं पुजलेली. आज हमारे में हत्यार नहीं चलाते."

बाजेंनी मान डोलावली. "हमारे में भी."

दोघेही विचार करत बसले. एक सांगलीत, एक ओहायोत. सृजना माझ्या कानात म्हणाली, "मग आता?" मला हसू आलं आणि भीतीही वाटली.

"सुवे," वडील म्हणाले, "हातोडा नको. कानस नको. तुझी धार पायरीवर घासून मोड, साध्या दगडावर. मग इस्तवात धर आन पाणी दे. दगूड, इस्तू, पाणी. ही काय हत्यारं न्हवंत."

मी बाजेंना सांगितलं. ते म्हणाले, "ठीक बोलता है."

मी सिमेंटच्या पायरीवर बसून माझीच लावलेली धार मोडली. निळं पडलेलं पोलाद मऊ होतं, भराभर झिजलं. कड परत जाड आणि चौकोनी होईपर्यंत अर्धा तास गेला. वडील फोनवरून बघत होते. शेगडीची आच पुरेना. भाता कुठून आणायचा? सृजनाने तिच्या आईचा केस वाळवायचा ड्रायर आणला, लांब वायर जोडली आणि कोळशांवर सोडला. राख उडून सगळ्यांच्या डोक्यावर बसली, पण कोळसे पेटले. वडिलांनी विचारलं, "ते काय हाय?" मी सांगितलं. "हे बरं हाय," ते म्हणाले.

"उन्हात बसू नको. उन्हात रंग खोटा दिसतोय," वडील फोनवरून म्हणाले. आम्ही शेगडी ढकलत भिंतीच्या सावलीत नेली. चिमट्यात चकमक धरून मी कोळशात घातली. आधी काही नाही, मग गडद तांबडा रंग. लॅबमध्ये आम्ही हेच भट्टीत करतो, तिथे आकडा दिसतो. इथे आकडा नव्हता. मला एकदम आठवलं की पोलाद योग्य तेवढं तापलं की त्याला चुंबक चिकटत नाही. सृजनाला म्हटलं, फ्रिजवरचं चुंबक आण. तिने नायगाराचा धबधबा असलेलं आणलं. मी बाहेर काढून टेकवलं, चिकटलं. परत आत. थोड्या वेळाने पुन्हा टेकवलं, चिकटलं, पण ओढ कमी. परत आत.

"थांब," वडील म्हणाले. ते फोनच्या अगदी जवळ आले होते, मला त्यांचा एक डोळाच दिसत होता. "थांब. थांब जरा. आता."

मी काढलं आणि चुंबक लावलं. चिकटलं नाही.

बाजे किटली घेऊन तयार होते. त्यांच्या गावातला लोहार, कामी म्हणतात त्यांना, किटलीच्या तोटीने बारीक धार धरायचा, हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. पाण्याची धार कडेवरून टोकापासून मागे अगदी सरळ गेली. चर्र झालं. वाफ वर आली आणि मग सगळं शांत.

"तडा गेला का?" वडिलांनी विचारलं.

मी बोटाने फिरवून पाहिलं, नखाने टिचकी मारली. नव्हता. आवाज खणखणीत आला, फोनमधून त्यांनीही ऐकला.

पूजेची मांडणी आतच तयार होती. खुकुरी, तांदूळ, फुलं, दिवा. बाजेंनी हात धुतले, चकमक पुसली. एका हातात गारगोटी, तिच्यावर झुलो, म्हणजे वाळलेल्या पाल्याचा कापसासारखा भुगा, अंगठ्याने दाबून धरलेला. मारलं. काही नाही. मी जमिनीकडे बघायला लागले. पुन्हा मारलं, पुन्हा काही नाही. बाजेंनी गारगोटी जराशी फिरवली, दुसरी कड पुढे घेतली आणि तिसऱ्यांदा मारलं.

दोन ठिणग्या उडाल्या. एक खाली पडून विझली. दुसरी झुलोवर बसली, आणि मोहरीएवढा लाल ठिपका हळूहळू पसरायला लागला. बाजेंनी तोंडाजवळ नेऊन फुंकर घातली. धूर आला, मग ज्योत. त्यांनी ती दिव्याला लावली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सृजनाची आई नमस्कार करत होती. मग मला कळलं की फोन अजून चालूच आहे. सृजनाने तो दिव्यासमोर धरला.

"भाईसाब, दिखता है?" बाजेंनी विचारलं.

"दिखता है," वडील म्हणाले. थोडं थांबून ते मला मराठीत म्हणाले, "माझ्या बाच्या हाताखाली पहिल्या सालात मी बी लई जाळलं. पर मी लपवायचो न्हाई. माझा बा वासावरनंच वळकायचा."

दशमी

दसऱ्याला सकाळी टिका. दही, तांदूळ आणि शेंदूर कालवून कपाळावर मोठा लालभडक थर लावतात, कानामागे जमरा खोवतात आणि वडीलधारे आशीर्वाद देतात. माझी पाळी आली तेव्हा बाजे जरा थांबले. म्हणाले, गावात त्यांचा कामी सुगीला अंगणाच्या कडेला उभा राहून धान्य न्यायचा. ओट्यावर त्याला कोणी घेत नसे. त्यांच्या वडिलांनीही कधी घेतलं नाही. "हमारी खुकुरी वही बनाता था," ते म्हणाले, "और हम उसको टिका नहीं लगाया." आमच्याकडेही बलुतं असंच मिळायचं, आजोबा सांगायचे. फरक असेलही थोडा.

त्यांनी मला टिका लावला. मग परत हात ताटात घालून, त्याच्यावरच आणखी एक. "ये तेरे बाप का," ते म्हणाले. कपाळ इतकं जड झालं की मान हलवायची भीती वाटत होती.

म्यान त्यांनी माझ्यासमोर धरलं. मी चकमक तिच्या कप्प्यात सरकवली. ती बोथट कडेने, कुठे न अडकता, आत गेली.

काका न्यायला आले तेव्हा त्यांनाही टिका लागला, आणि शर्टावर दही सांडलं. गाडीत बसल्यावर ते आरशात स्वतःचं कपाळ बघत म्हणाले, "टोलवाला विचारेल ना, कुठून आले म्हणून. मग, म्हाताऱ्याला सांगितलं, का ऑनलाइन मागवायची?"

"सांगितलं," मी म्हटलं, आणि सगळं सांगायला सुरुवात केली. शेगडी सावलीत नेली तिथवर आले असेन. पुढचं मला आठवत नाही. जाग आली तेव्हा इलिनॉय लागलं होतं, काकांनी रेडिओ बारीक केला होता, आणि कपाळावरचे तांदूळ वाळून माझ्या मांडीवर सांडले होते.